प्रीमियर पद्मिनी गाडीचा ऑइलचा दिवा: हाफ इंजिन काढण्याआधी

सकाळी ऑइल प्रेशर कमी असल्याचा इशारा देणारा दिवा नीट विझतो आणि सायनच्या सिग्नलला, इंजिन तापल्यावर, आयडलिंगला मिणमिणतो, एवढ्यावरून हाफ इंजिन (इंजिन उघडून करायचं मोठं काम) काढायला कृपया देऊ नका.

हा दिवा लावणारा प्रेशर स्विच काढून त्याच भोकात मेकॅनिकल गेज लावा आणि इंजिन पूर्ण तापल्यावरच आकडा बघा. दर 1000 आरपीएमला साधारण 10 पीएसआय, हा जुन्या इंजिनांचा ढोबळ हिशेब. तेवढं मिळालं तर दोष स्विचचा.

प्रेशर खरंच कमी असेल तर आधी डिपस्टिक हुंगा. पेट्रोलचा वास आणि वाढलेली पातळी म्हणजे बहुतेक फ्युएल पंपाचा डायफ्राम (आतला पातळ पडदा) फाटून पेट्रोल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरतंय. ऑइल पातळ होतं, बेअरिंग घासतात. डायफ्राम बदला, मगच ताजं 20डब्ल्यू-50 ऑइल आणि नवा फिल्टर.

जादा प्रेशर सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडा अडकला तर रेस करूनही प्रेशर चढत नाही. काही मेकॅनिक त्याच्या स्प्रिंगमागे वॉशर घालतात. त्याने रेस केल्यावरचा कमाल आकडा फुगतो. आयडलिंगला व्हॉल्व्ह बंदच असतो, तिथे काहीच फरक पडत नाही.

एवढं करूनही गरम असताना प्रेशर पडतंच असेल, तर चेंबर उतरवा: ऑइल गाळणारी जाळी, ऑइल पंपाचे गिअर, शेवटी बिग एंडचा (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या बेअरिंगचा) गॅप प्लास्टिगेजने, म्हणजे दाबून गॅप मोजायच्या बारीक प्लास्टिकच्या दोरीने, तपासा.