बालरुग्ण वॉर्डात टॅबलेटवरचा कुत्रा: कसा वापरायचा?

वॉर्डताई: वॉर्डात खरा कुत्रा आणायला परवानगी नाही, आयसोलेशनमधल्या मुलांचा तर प्रश्नच नाही. मुलं ३ ते १० वर्षांची. पडद्यावरचा बोलका प्राणी घ्यावा की व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवायचा, आभासी दृश्यं दाखवणारा)? सलाईन लावताना उपयोग होतो का?

खेळगडी: या वयाला हेडसेट नको. मळमळ होते, शिवाय कपाळाला टेकणारा फोम नीट निर्जंतुक होत नाही. टॅबलेट घ्या. बोस्टनच्या बालरुग्णालयात एमआयटी या अमेरिकी तंत्रज्ञान संस्थेच्या 'हगेबल' या रोबो-अस्वलाची चाचणी झाली (निष्कर्ष २०१९). ५४ मुलं, तुमचाच वयोगट. साधं मऊ अस्वल, टॅबलेटवरचं अस्वल आणि रोबो अशी तुलना. रोबोसोबत मुलं जास्त खुलली. पण रोबो काय, टॅबलेट काय, मागून बोलणारा माणूसच होता! तेव्हा ॲप शोधण्याआधी रोज वेळ देणारं माणूस शोधा.

सुईवाला: सलाईनला उपयोग होतो, पण कुत्रा फक्त सुईच्या वेळी आणलात तर काही दिवसांत मूल कुत्रा दिसताच भोकाड पसरेल. उपचाराशी संबंध नसलेली भेट रोज एक तरी हवी. सुईच्या ५ मिनिटं आधी सुरू करा, पट्टी लावून झाल्यावरही थोडा वेळ चालू ठेवा. पडदा सुईच्या हाताच्या विरुद्ध बाजूला, डोळ्यांच्या रेषेत. नुसतं बघायला लावू नका, काम द्या: कुत्र्यापुढची मेणबत्ती फुंकायची, ठिपके मोजायचे. लांब फुंकरीने श्वास आपोआप संथ होतो. बधिर करणारं मलम तासभर आधी लावायचंच. कुत्रा त्याला पर्याय नाही. आणि 'दुखणार नाही' हे कुत्र्याच्या तोंडून कधीही वदवू नका. एकदा खोटा ठरला की संपलं.

स्वच्छताप्रेमी: टॅबलेटचं कापडी कव्हर काढून टाका. ७०% अल्कोहोलच्या वाइपने पुसल्यावर पाकिटावर लिहिलेला वेळ पृष्ठभाग ओला राहायला हवा. लगेच कोरडा केला तर पुसणं फुकट. स्टँडची वाकणारी मान हमखास राहून जाते. सी. डिफिसाइल या जुलाब करणाऱ्या जिवाणूच्या बीजाणूंवर अल्कोहोल चालत नाही, त्या मुलाला वेगळा टॅबलेट द्या आणि नंतर तो बीजाणूनाशक द्रावणाने पुसा. स्टँडचा क्लॅम्प पलंगाच्या खाली-वर होणाऱ्या कठड्याला लावू नका, सलाईनची नळी अडकते.

वॉर्डताई: भूक लागणारा, खाऊ घालायचा प्राणी चालेल?

खेळगडी: भूक बंद करता येत असेल तरच. मूल दोन दिवस आयसीयूत गेलं की परत आल्यावर प्राणी उपाशी, आजारी दिसतो आणि दोष ते स्वतःला देतं. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंगही बंद ठेवा. डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच प्राण्याकडून सांगा, 'मी इथेच राहणार, तू घरी जाणार.'