मदत हवी आहे: माशांना व्हाइट स्पॉट (पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी आजार) आलाय, टँकमध्ये कुली लोच आणि कोरी (तळाशी राहणारे मासे) आहेत, औषध कसं देऊ?

जाणकारांनो, जरा लवकर बघाल का प्लीज.

काल संध्याकाळी खाणं घालताना दोन निऑन टेट्रांच्या शेपटीवर मिठाच्या कणाएवढे पांढरे ठिपके दिसले, आज सकाळी पाच जणांच्या अंगावर आहेत, एकाच्या तर कल्ल्यापाशी पण, आणि मासे दगडांना, हिटरला अंग घासत फिरतायत. व्हाइट स्पॉटच आहे, मागच्या वर्षी हेच पाहिलंय. दोन आठवड्यांपूर्वी चार नवीन टेट्रा आणून क्वारंटाइन न करता सरळ आत सोडले, ती चूक माझीच.

टँक ९०×४०×४५ सेंमी, म्हणजे १६२ लिटर, दोन वर्षं चालू आहे. १२ निऑन, ६ कोरीडोरास, ७ कुली लोच, ३ नेराइट गोगलगायी. झाडं अनुबियास आणि जावा फर्न. टेंपरेचर २५, पाणी मऊ, पीएच ६.८, अमोनिया नायट्राइट दोन्ही ०. घरात जी बाटली आहे तिच्यात मॅलकाइट ग्रीन आणि फॉर्मलिन आहे.

आता खरी भीती सांगते. मागच्या वर्षी हेच औषध बाटलीवर लिहिलंय तसं पूर्ण दिलं, आणि लवकर बरं व्हावं म्हणून हिटर पण ३० वर नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तीनही क्लाउन लोच तळाशी आडवे पडले होते. टेट्रा सगळे वाचले. ज्यांच्या अंगावर ठिपके सगळ्यात कमी होते तेच गेले, म्हणजे आजाराने नाही, माझ्या औषधाने गेले, आणि ते अजून मनातून जात नाही. त्यामुळे सकाळपासून बाटली हातात घेऊन बसलेय पण झाकण उघडायची हिंमत होत नाहीये.

लोकं म्हणतात लोचना अर्धा डोस द्या. काही म्हणतात औषधच नको, नुसतं टेंपरेचर ३० करा. पण ३० कुलींना चालेल, निऑन आणि कोरींना थंड पाणी आवडतं ना? आणि अर्ध्या डोसने किडा मरेल का नुसताच लांबेल? फक्त लोच वेगळे काढून बाकीच्यांना पूर्ण डोस दिला तर?

प्रतिसाद १
मिथिलीन ब्लू टाका, सौम्य असतं. सोबत थोडं मीठ. माझे गोल्डफिश त्यानेच बरे झाले.

प्रतिसाद २
मिथिलीन ब्लू मेन टँकमध्ये नको!! फिल्टरमधले अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया मरतात, झाडं खराब होतात, मग अमोनिया वाढला की लोच त्यानेच जायचे. आणि गोल्डफिशला जेवढं मीठ चालतं तेवढं लोच-कोरींना चालेलच असं धरू नका.

प्रतिसाद ३
ताई, आधी एक हिशोब. १६२ लिटर हे काचेच्या पेटीचं माप झालं, पाण्याचं नाही. वरून ५ सेंमी रिकामं आणि खाली ५ सेंमी वाळू धरली तर पाण्याची उंची राहते ३५, म्हणजे ९०×४०×३५ = १२६ लिटर, त्यातून लाकूड-दगड वजा केले की १२० च्या आसपास. मागच्या वेळी तुम्ही १६२ वर डोस काढला असेल तर पूर्ण डोस नाही, सव्वापटीपेक्षा जास्त पडला. त्यात पाणी ३० वर. गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो (२५ ला लिटरमागे साधारण ८.२ मिग्रॅ, ३० ला ७.५), फॉर्मलिन आणखी ऑक्सिजन खातं, आणि उष्णतेत औषधाचं विषपण पण वाढतं. लोचची कातडी उघडीच म्हणायची, खवले नाहीतच किंवा नखभर, औषध पटकन आत जातं. म्हणजे तिन्ही गोष्टी एकाच रात्री त्यांच्यावर आल्या. एअर स्टोन (पंपाची हवा बुडबुड्यांनी पाण्यात सोडणारा दगड) होता का तेव्हा?

लोच वेगळे काढून उपयोग नाही. अंगावरचा ठिपका म्हणजे कातडीखाली बसलेला परजीवी, तिथे त्याला औषध लागतच नाही. तो पिकला की गळून तळाशी बसतो, फुटून शेकडो पिल्लं पोहत सुटतात आणि त्यांना दोन-एक दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. औषध मारतं ते फक्त या पोहणाऱ्यांना. म्हणून लोचच्या अंगावर आज ठिपका नसला तरी तेही धरूनच चालायचं, सगळ्यांना एकत्रच ट्रीट करायचं. आणि म्हणूनच दोन दिवसांत ठिपके गेले की थांबायचं नाही.

तुमच्या टँकला मी ३० सुचवणार नाही, कोरी आणि निऑन थकतील. हळूहळू, दिवसाला एखाद डिग्रीने २७ पर्यंत न्या, परजीवीचं चक्र जरा लवकर फिरतं एवढंच. डोस १२० लिटरवर काढा आणि त्याच्या अर्धा द्या. मगभर टँकच्याच पाण्यात कालवून फिल्टरचं पाणी पडतं तिथे हळूहळू ओता, एका जागी भसकन नको. त्याआधी फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा नाहीतर तो औषध शोषून घेतो, पण स्पंज आणि बाकी मीडिया (फिल्टरमधलं गाळण) आतच राहू दे. एअर स्टोन रात्रंदिवस. लाइट बंद, मॅलकाइट ग्रीन उजेडात विरतं. पुढचा डोस बाटलीवरच्या अंतरानेच, आणि प्रत्येक डोसआधी तळ सायफन करत २५-३० टक्के पाणी बदला, तळाशी बसलेले बरेचसे परजीवी असेच निघून जातात. शेवटचा ठिपका गेल्यावरही तीन-चार दिवस चालू ठेवा.

हातमोजे घाला, औषध विषारी आहे आणि डाग जात नाहीत. गोगलगायी बादलीत काढा.

पहिला डोस सकाळी द्या, रात्री नको, कारण पहिले दोन तास समोर बसून बघायचंय. सगळे वर येऊन धापा टाकायला लागले किंवा लोच कलंडले तर विचार करत बसू नका, अर्धं पाणी बदला आणि कार्बन परत घाला.

धागाकर्ती
एअर स्टोन नव्हता :( आणि डोस १६० वरच काढला होता. एवढं कुणी आधी सांगितलं असतं तर. आत्ता एअर पंप लावलाय, कार्बन काढलाय, पहिला डोस उद्या सकाळी. एक शंका, कोरी मधूनच सुर्रकन वर जाऊन तोंड बाहेर काढून परत खाली येतायत, औषध न देताच. हे धाप आहे का?

प्रतिसाद ३
नाही, कोरी आणि लोच हवा गिळून आतड्यातून श्वास घेऊ शकतात, अधूनमधून एखादी फेरी नॉर्मल. दर मिनिटाला जायला लागले तर मात्र काळजी. आजच दहा मिनिटं बसून किती वेळा जातात ते मोजून ठेवा, उद्या तुलनेला कामी येईल.

धागाकर्ती
अपडेट, दिवस ५. आज सकाळी मोजलं, कोरी दहा मिनिटांत सगळे मिळून चार वेळा वर गेले, औषधाआधी पण तेवढंच होतं. एक निऑन गेला, कल्ल्यावर ठिपके होते तोच. बाकीच्यांवर ठिपके तिसऱ्या दिवशी वाढले होते, फार घाबरले पण डोस वाढवला नाही, आज दोघांवरच उरलेत. कुली सातही आहेत, काल लाइट बंद असताना टॉर्चने मोजले. गोगलगायी बादलीत अजून किती दिवस ठेवू? त्यांच्या शंखाला काही चिकटून परत येईल का?

प्रतिसाद ३
येऊ शकतं, म्हणून टँकचा कोर्स संपेपर्यंत ठेवा. बादलीत मासा नाही म्हणजे तिथे जे सुटेल ते उपाशी मरेल. पाणी बदलत राहा, आणि बादलीची जाळी टँकमध्ये घालू नका.