नंतर जडवलेले हिरे: ठेवायचे की काढायचे?

लंबक
मामा १९७२ साली कुवेतला गेले. चार वर्षं राबल्यावर त्यांनी वार आणि तारीख दाखवणारं सोन्याचं घड्याळ, रोलेक्स डे-डेट, घेतलं. ३६ मिमी, वार अरबीत. आज बुधवार म्हणून तबकडीवरच्या खिडकीत 'अल-अरबिआ' आहे. मामा गेल्यावर ते माझ्याकडे आलं. बेझलवर, म्हणजे काचेभोवतीच्या कड्यावर, हिऱ्यांची रांग आहे, पण ती कंपनीची नाही. एकदा रजेवर आले असताना त्यांनी गिरगावातल्या सोनाराकडून नवं बेझल घडवून त्यात हिरे बसवून घेतले होते. जुन्या घड्याळांचा एक व्यापारी म्हणतो, ते काढा, कंपनीचं साधं बेझल लावा, भाव वाढेल. हिरे काढल्यावर भाव वाढतो हे काही माझ्या गळी उतरत नाही. माझं मत, राहू द्यावेत.

भिंगवाला
काढाच. पट्टा सोडवा आणि १२ च्या बाजूला, पट्टा अडकतो त्या खाचेत कोरलेला नंबर वाचा. १८०३ असेल तर घड्याळ कंगोऱ्यांचं सोन्याचं बेझल घेऊन कारखान्यातून निघालं होतं. हिऱ्यांच्या बेझलला १८०४ नंबर असायचा. म्हणजे नंबर एक सांगणार आणि बेझल दुसरंच. मग भिंग लावा. कारखान्याच्या जडावात खडे एका मापाचे, एका पातळीत असतात. बाहेरच्या कामात एखादा तरी कललेला सापडतो, आणि खडा धरून ठेवणारे सोन्याचे दाणे लहानमोठे दिसतात.
हिऱ्यांशी माझं वैर नाही. व्हिएतनामचा शेवटचा सम्राट बाओ दाई याने १९५४ मध्ये जिनिव्हात घेतलेल्या रोलेक्सच्या काळ्या तबकडीवर हिरेच आहेत, आणि २०१७ च्या लिलावात ते ५० लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं. पण ते हिरे कंपनीचे.

चंद्रहार
सम्राट बाजूला ठेवा आणि मग भाव सांगा! आजीचे गोठ मोडून आईने पाटल्या केल्या, पाटल्यांत भर घालून माझा हार झाला. यातलं 'मूळ' कुठलं? मामांनी घामाच्या पैशांतून हौस केली. उद्या कुणा तिऱ्हाइताला बरं वाटावं म्हणून ती पुसायची?

भिंगवाला
म्हणूनच आजीचे गोठ आज बघायला मिळत नाहीत.

चंद्रहार
ते बघायला नव्हते हो, घालायला होते.

नीलमणी
मी भिंगवाल्यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. पियाजे या स्विस कंपनीने १९५७ मध्ये घड्याळाचं जेमतेम २ मिमी जाडीचं यंत्र काढलं. यंत्र इतकं बारीक, म्हणून पुढे साठच्या दशकात जेड, लाजवर्द अशा रंगीत खड्यांच्या चकत्या तबकडी म्हणून बसवायला जागा मिळाली. तिथून खडा काढला तर घड्याळच उरत नाही. मामांच्या घड्याळातून हिरे काढले तर काय बिघडतं? काहीच नाही. मला तर तो सत्यनारायणाच्या केळीचा खांब वाटतो, शोभेपुरता.

सतरा ज्वेल
मी एचएमटीवाला, त्यामुळे मला जरा हसू येतंय. घड्याळाच्या यंत्रातली माणकं (ज्वेल) कृत्रिम असतात, किंमत नगण्य, पण घर्षण तीच कमी करतात. बाहेरचे हिरे बसून खातात आणि भांडण त्यांच्यावरून! लंबक, शेवटचं सर्व्हिसिंग कधी केलंय? तेल वाळलं असेल तर चाकांचे आस झिजतील. आधी एखादा चांगला घड्याळजी गाठा, बेझलचं नंतर बघा.

चंद्रहार
हे मात्र खरं. आणि लंबक, मामींना कुणी विचारलं का?

लंबक
विचारलं. सर्व्हिसिंग शेवटचं १९९८ ला, उद्याच घेऊन जातो. नंबर १८०३ आहे, भिंगवाले जिंकले. चारच्या खुणेसमोरचा हिरा खरंच कललेला आहे, आता सारखी तिथेच नजर जाते.
जुनं बेझल कुठंय, असं मामींना विचारलं. म्हणाल्या, "ते सोन्याचं कडं होय? सोनाराने परत दिलं होतं. त्याच्या वाट्या करून घेतल्या मी."
तेव्हा कंपनीचा मूळ भाग हवाच असेल, तर तो मामींच्या मंगळसूत्रात आहे. मागायला कोण येतंय?