ट्रान्सफर अ‍ॅडमिशन : मार्क भरपूर, अ‍ॅक्टिव्हिटीज जेमतेम. अनुभव सांगा

भाचा कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजला आहे (दोन वर्षांचं, तिथून पुढे चार वर्षांच्या कॉलेजात ट्रान्सफर घ्यायची), जीपीए म्हणजे सरासरी ग्रेड ४ पैकी ३.९ च्या वर, पण क्लब-बिब काही नाही, त्यामुळे बहिणीच्या जिवाला घोर. तिच्या डोक्यात अजून हायस्कूलवाल्या अ‍ॅडमिशनचंच गणित बसलंय. ज्यांनी किंवा ज्यांच्या मुलांनी मधेच कॉलेज बदललं त्यांनी लिहा प्लीज, नकार आलेल्यांनीसुद्धा.

फ्रीमाँटकरीण : आमची लेक डी अँझा कम्युनिटी कॉलेजहून यूसी डेव्हिसला गेली (यूसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया), टॅगमधून. टॅग म्हणजे ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी, ठरलेले कोर्सेस आणि ठरलेला जीपीए असेल तर सीट पक्की, त्यात अ‍ॅक्टिव्हिटीजचा संबंधच नाही. पण एकाच कॅम्पसला करता येतं आणि तेही डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ एवढ्यांपैकीच, बर्कली, एलए, सॅन डिएगो नाहीत. फॉर्म सप्टेंबरमध्ये भरायचा, मेन अर्ज नंतर नोव्हेंबरअखेरपर्यंत वेगळा. काही कॅम्पसवर कॉम्प्युटर सायन्सला टॅग मिळत नाही ते आधीच बघून ठेवा. आणि असिस्ट नावाच्या साइटवर कम्युनिटी कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या युनिव्हर्सिटीत धरला जातो ते दर सेमिस्टरला तपासायचं, काउन्सेलर म्हणाले म्हणून सोडून द्यायचं नाही.

एच४_पोरगा : मी एच-४ वर होतो, म्हणजे आई-बाबांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा, त्यावर मुलांनी नोकरी करायचीच नाही, मग वर्क एक्स्पीरियन्सचा रकाना कोरा. धाकटा भाऊ ऑटिस्टिक आहे, आई-बाबा दोघं ऑफिसात, त्याला थेरपीला नेणं-आणणं माझ्याकडे. हे अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये लिहायचं असतं हे मला कॉलेजच्या ट्रान्सफर सेंटरमधल्या बाईंनी सांगितलं, आठवड्याचे किती तास तेसुद्धा लिहिले. यूसीला चार छोटी उत्तरं लिहायची असतात, प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंत, त्यातलं एक मेजरची, म्हणजे मुख्य विषयाची, तयारी काय केली यावर, ते सक्तीचं, बाकी सातातली तीन निवडायची. मेजरवालं उत्तर मी सगळ्यात जास्त घासलं, कारण चांगले मार्क असणाऱ्याकडे सांगण्यासारखं तिथेच असतं, कुठल्या क्लासमध्ये काय भिडलं आणि पुढे काय वाचलं वगैरे. सॅट ही प्रवेश परीक्षा ते बघतच नाहीत, शिफारसपत्रं पण सहसा नाहीत. आता अर्वाइनला आहे.

एडिसनवाले काका : न्यू जर्सीत २००८ पासून राज्याचा करार आहे, कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची असोसिएट डिग्री पूर्ण केली की सरकारी चार वर्षांच्या कॉलेजात क्रेडिट्स, म्हणजे आधी केलेले कोर्सेस, धरावीच लागतात. हमी क्रेडिट्सची बरं का, प्रवेशाची नाही. मुलगा मिडलसेक्स कम्युनिटी कॉलेजहून रटगर्स या सरकारी युनिव्हर्सिटीला गेला, आयुष्यात एकही क्लब नाही, गणेशोत्सवात ढोल वाजवतो तेवढंच.

निनावी : थोडं थंड पाणी ओतते. माझा ४.० होता आणि मोठ्या प्रायव्हेट कॉलेजांतून सगळीकडून नकार आला. तिथे ट्रान्सफरच्या जागाच मूठभर, प्रिन्स्टनने तर १९९० पासून ट्रान्सफर बंदच ठेवलं होतं, २०१८ ला परत मुलं घेतली. कारण कोणी कळवत नाही त्यामुळे अ‍ॅक्टिव्हिटीज नव्हत्या म्हणून नकार आला असं छातीठोक म्हणता येणार नाही, पण तिथे प्रोफेसरची पत्रं लागतात, आणि दोनशे जणांच्या लेक्चरला मागे बसून ए काढणाऱ्या मुलीबद्दल प्रोफेसर लिहिणार तरी काय! ऑफिस अवर्सला जाऊन बसा, क्लब नसला तरी चालेल.

सॅन_होजे : कॅल स्टेटला (यूसीहून वेगळी, कॅलिफोर्नियातली दुसरी सरकारी युनिव्हर्सिटी) बहुतेक ठिकाणी निबंधच नाही. बॅकअप म्हणून टाकून द्या की.

पुणेकर_एफ१ : मी कॉलेजच्या ट्यूटरिंग सेंटरमध्ये कॅल्क्युलस शिकवायचो, सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच परवानगी. पैशांसाठी धरलेलं काम, पण अर्जात तेच सगळ्यात वर टाकलं आणि तिथल्याच सरांनी पत्र दिलं. एफ-१ वाल्यांनी, म्हणजे स्टुडंट व्हिसावर असलेल्यांनी, एक लक्षात ठेवा, सेव्हिस रेकॉर्ड (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) नव्या कॉलेजकडे रिलीज झालं की जुन्या कॅम्पसवरचा जॉब बंद करावा लागतो, म्हणून ती तारीख दोन्हीकडच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारूनच ठरवा.