झिंक सल्फेटच्या टाकीचा पीएच कोणी सांभाळायचा, माणसाने की ऑटो डोसिंगने?

भट्टीवाला:
आम्ही झिंक अ‍ॅश (गॅल्व्हनायझिंगमध्ये वितळलेल्या जस्तावर जमणारी राख) सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवून झिंक सल्फेट करतो. आता मालक म्हणतायत लोखंड काढायच्या टाकीला ऑटो डोसिंग लावू, टाकीतला प्रोब पीएच (आकडा कमी तितकं अ‍ॅसिड जास्त) मोजेल आणि त्यावर कॉस्टिक सोड्याचा पंप आपोआप चालेल. माझं मत, अजिबात नको. पेरॉक्साइड घालून फेरस लोखंडाचं फेरिक (गाळात बसणारं रूप) केलं आणि पीएच साडेचारला नेला की लोखंडाचा गाळ होतो हे बरोबर, पण गाळ होताना अ‍ॅसिड सुटतं, साडेचार दिसला म्हणून थांबलात तर दहा मिनिटांनी परत साडेतीन. पंप आपला ओततच राहणार, आणि कॉस्टिकची धार पडते तिथे झिंकपण गाळात जातं. तो शेंबडासारखा केक (गाळाचा थर) फिल्टर प्रेसच्या कापडावरून दोन-दोन तास खरवडलाय मी. त्यापेक्षा गरम टाकीत झिंक ऑक्साइडची स्लरी (पाण्यात कालवलेली पूड) हळूहळू सोडा, मधे थांबा.

रातपाळी७:
दादा, हे दिवसाच्या शिफ्टला ठीक आहे. रात्री तीनला पिवळ्या बल्बखाली पीएच पेपर बघा, द्रावणच तांबूस, कागदाचा रंग काय कळणार? आमच्याकडे असाच अडीच पीएचचा माल पुढे गेला आणि त्यात झिंक डस्ट (तांबं, कॅडमियमसारखे धातू काढायला घालतात ती जस्ताची पूड) घातली, टाकीभर फेस, अर्धी डस्ट हायड्रोजन करण्यात गेली. त्याहून वाईट म्हणजे अ‍ॅशमधलं आर्सेनिक लोखंडाच्या गाळाबरोबर निघतं, गाळ नीट झाला नाही तर ते द्रावणातच राहतं आणि अ‍ॅसिडमध्ये झिंक डस्ट पडली की आर्सिन गॅस होतो. त्याला रंग नाही, वास असला तर हलका लसणासारखा, आणि तो रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, मीटर हवाच.

लॅबताई:
मीटर हवा, पण प्रोबवर लोखंडाचा थर चढला की तो खोटंच दाखवतो. दर बॅचला पातळ हायड्रोक्लोरिकने धुवा, ४ आणि ७ च्या बफरला (पीएच ठरलेल्या द्रावणाला) तपासा. आणि पंपाला कॉस्टिकच का, स्लरी जोडा की, थोडी सोडून थांबायचं सेटिंग करता येतं. पीएच दोनवरून तीनला जायला जेवढा अल्कली लागतो त्याचा दहावा हिस्सा तीनवरून चारला पुरतो, त्यामुळे शेवटी वेग कमी करायलाच हवा. चुना स्वस्त पडतो पण सल्फेटमध्ये जिप्समचा डोंगर होतो.

भट्टीवाला:
आर्सिनचं पटलं, मीटरला माझा विरोध नाही आता. पण शेवटचा शब्द माणसाचाच हवा. गाळून घेतलेल्या नमुन्यात पेरॉक्साइडचा एक थेंब, मग थायोसायनेट, लाल झालं तर लोखंड अजून आहे. ही टेस्ट झाल्याशिवाय माझ्या शिफ्टला झिंक डस्टची गोणी कापू देणार नाही, स्क्रीनवर काहीही दिसो.