माळ्यावरची भांडी, जुनी पत्रं आणि घरातली मुलं: तुमचे अनुभव लिहा

कासंडी:
दिवाळीची आवराआवर सुरू झाली की घंगाळ, पितळी डबे, अडकित्ते माळ्यावरून खाली येतात आणि "मोडीत घाला" विरुद्ध "राहू दे गं" हा वाद रंगतो. म्हणून हा धागा. मोडीत जायच्या आधी ती वस्तू मुलांच्या हातात द्या आणि आपण गप्प बसा. "ही पणजीची हं" म्हटलं की पोरं पाच मिनिटांत मोबाईलकडे वळतात. भांड्यावरचं नाव त्यांनाच वाचायला लावलं तर प्रश्न तीच विचारतात.

नाव झिजलेलं असेल तर भांडं चिंच-मिठाने हलक्या हाताने धुवा. तारेची घासणी नको, ठिपक्यांच्या कडा जातात. पूर्ण कोरडं करून तांदळाची पिठी चोळा आणि वरवरची पुसून घ्या. खाचांत पिठी राहते, अक्षरं दिसतात. तरी नाही जमलं तर खोलीत अंधार करून टॉर्च अगदी आडवा धरा. छाप हवा असेल तर पातळ कागद लावून वरून मऊ पेन्सिल आडवी घासायची. गोल भांड्यावर कागद सरकतो आणि नाव दुहेरी उमटतं, त्यामुळे एकाने धरायचं, दुसऱ्याने घासायचं. कोण घासणार यावरून भांडण होणारच.

शेंगदाणा_चटणी:
तारीख शकात असेल तर ७८ मिळवा. पण माघ-फाल्गुनातलं लग्न असेल तर ७९. शके १८६९ माघ म्हणजे १९४८ उजाडलेलं. पौष मधेच लोंबकळतो, तिथे तिथी बघावी लागते. पाचवी-सहावीच्या मुलांना हे गणित मस्त जमतं.

ओसरी:
नाव वंशावळीत सापडत नाही म्हणून मुलं हिरमुसतात. आधी हे बघा: लग्नात नाव बदललं असेल आणि भांड्यावर माहेरचं असेल. किंवा नाव देणाऱ्याचं असेल, पुढचं "यांजकडून" झिजलं असेल. किंवा आलेला आहेर पुढे सरकवला असेल, हे तर सर्रास.

गवती_चहा:
किंवा शेजारणीची वाटी परत करायची राहिली 😀

ओसरी:
@गवती_चहा ही शक्यता सगळ्यात आधी तपासावी.

अडशेरी:
भांड्यांपेक्षा मापं द्या मुलांना. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. पुढे १६ पायल्यांचा मण, पण हे गावागणिक बदलतं, आपल्याकडचं घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं. मापट्याने तांदूळ मोजून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा, मग बाजरी. आकडा वेगळा आला की मुलं बुचकळ्यात पडतात, कारण ही मापं जागेची, वजनाची नाहीत. शीग लावून (मापावर रास करून) की सपाट हे आधी ठरवा, नाहीतर प्रत्येक वेळी आकडा फिरतो. मजुरी किंवा बलुतं मोजताना शीग कोण देत होतं आणि कोण हाताने सपाट करत होतं, हा प्रश्न आजोबांना विचारायला लावा. घराण्याची खरी माहिती तिथे निघते!

दौत_टाक:
पत्रं कुणीच काढली नाहीत? पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. पत्त्यात पिनकोड असेल तर पत्र त्यानंतरचं. नसेल तर लगेच जुनं समजू नका, लोक पुढेही कित्येक वर्षं लिहीत नव्हते. हिशोबाच्या वहीत आणे असतील तर साधारण १ एप्रिल १९५७ च्या आधीची, तेव्हा नवे पैसे आले. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. मुलांना एका पानाची बेरीज करायला द्या, हातचा घेताना घाम फुटतो. घडीवर फाटलेल्या पत्राला चिकटपट्टी अजिबात लावू नका, काही वर्षांनी पिवळा डाग उरतो आणि अक्षरं त्याच्यासोबत जातात.

मोडी कागद असेल तर अंदाजाने वाचू नका, जाणकाराला दाखवा. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात विचारता येईल. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आधी येऊन गेलेल्या पिढ्यांची नावं मिळू शकतात. जाताना मूळ गाव आणि आडनाव पक्कं घेऊन जा.

गवती_चहा:
फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो कसा काढायचा?

दौत_टाक:
@गवती_चहा काढायचा नाही. चित्राचा थर काचेवर राहतो, हातात नुसता कागद येतो. काच पुसून खिडकीजवळ फ्लॅश बंद करून फोटो घ्या, आपल्या पाठीमागे काळं कापड धरा म्हणजे प्रतिबिंब येत नाही. सुट्या फोटोंवर नावं मागच्या बाजूला, कडेला, मऊ पेन्सिलीने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

नवसागर:
धागा छान, पण एक सांगतो. मुलं उत्साहात त्या पितळी पातेल्यात ताक ओततात. कल्हई गेलेल्या पितळेत आंबट कळकतं, ते पोटात जाऊ देऊ नका. आधी कल्हई. तीही मुलांना दाखवा, लांबून: भांडं तापवतात, नवसागर टाकतात, कथील लावून कापसाने फिरवतात आणि पांढरा धूर निघतो. वारा आपल्याकडे नको.

जास्वंद२:
कल्हईवाले कुठे उरलेत हो काका?

नवसागर:
पुण्यात असाल तर कसबा पेठेत तांबट आळीत चौकशी करा.

जास्वंद२:
सोलापूर 🙁 आणि अवांतर, पितळी सोऱ्याचा दांडा फिरेना. चकल्या आजच करायच्यात.

कासंडी:
@जास्वंद२ गेल्या वर्षीचं तेल आट्यांत वाळून घट्ट झालंय. कडक पाण्यात धुण्याचा सोडा घालून अर्धा तास बुडव, पक्कड लावू नको, पितळेच्या आट्या मऊ असतात, लगेच जातात. सुटला की खळखळून धुऊन कोरडा कर आणि आट्यांना थेंबभर गोडं तेल.

शेंगदाणा_चटणी:
आणि चकत्या मोजून ठेव, शेवेची नेहमी हरवते.

जास्वंद२:
सुटला! पण चकल्या तेलात तुटतायत.

अडशेरी:
मोहन जास्त झालं. थोडी कोरडी भाजणी मिसळून परत मळ, पाणी बेताने.