पहिली संक्रांत, सात महिन्यांचं बाळ आणि नौपाड्याला आजी-आजोबांकडे मुक्काम, काय काय बघू?

खारघरची_मनू
नमस्कार मंडळी. आम्ही खारघरला राहतो आणि सासू-सासरे ठाण्यात नौपाड्याला, जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्ट नाही. लेकाची पहिली संक्रांत म्हणून आईंनी ठरवूनच टाकलंय की बोरन्हाण तिकडेच रविवारी करायचं आणि मी आधीपासून चार दिवस राहायला यायचं. मला जायला आवडतं खरंच, आई खूप जीव लावतात आणि तिकडे दुपारी जी झोप मिळते ती घरी स्वप्नात पण नाही. पण नवरा थेट रविवारी येणार, म्हणजे जाताना मी, बाळ आणि एवढं मोठं बोचकं. ट्रेनने जाऊ का कॅबने?

दुसरं म्हणजे आईंनी ट्रंकेतली गोधडी काढलीय, डोकं गोल व्हायला राईची उशी शिवलीय आणि फोनवर म्हणाल्या की आल्या आल्या मधाचं बोट चाटवू. मी आपलं हो हो केलं. नवऱ्याला विचारलं तर म्हणतो तिकडे गेल्यावर बघू, म्हणजे मीच बघू. शिवाय हल्ली नवीन चेहरा दिसला की हा भोकाड पसरतो, आजोबांना दिवाळीनंतर फक्त व्हिडिओ कॉलवरच बघितलंय. त्यांना वाईट वाटेल याचंच जास्त टेन्शन आलंय. कोणी यातून गेलंय का?

ऐरोली_लोकल
ट्रेनचं सांगतो, रोज तीच लाइन करतो. पनवेल-ठाणे गाडी खारघरला थेट मिळते, पाऊण तास धरा, दुपारी बसायला जागा पण मिळते. अडचण ठाण्याला उतरल्यावर आहे. आपली गाडी लागते 9-10 नंबरला, म्हणजे पूर्वेच्या बाजूला, आणि नौपाडा पश्चिमेला, म्हणजे बाळ आणि बॅग घेऊन तो अख्खा पूल पार करायचा आणि मग रिक्षाची लाइन. एकट्या बाईने सामानासकट करू नये असं माझं स्पष्ट मत. कॅबने जा, सकाळची गर्दी ओसरल्यावर निघा आणि ड्रायव्हरला सांगा विटावा-कळव्यातून नेऊ नको, ऐरोली पुलावरून हायवेला लाग, तीन हात नाका आला की पोचलातच. ऐरोलीचा टोल ऑक्टोबर 2024 पासून छोट्या गाड्यांना माफ आहे, कोणी टोलचे वेगळे मागितले तर देऊ नका. मिस्टर रविवारी ट्रेनने येणार असतील तर त्यांना आदल्या दिवशी मेगाब्लॉक बघायला सांगा, नाहीतर बोरन्हाण उरकल्यावर पोचतील.

दोन_पिल्लांची_आई
मनू, मध अजिबात नाही हं, यात सासूबाईंचं मन वगैरे काही नाही. एक वर्षाच्या आत मध दिला तर त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बॉट्युलिझम होऊ शकतो, कमी वेळा होतो पण झाला की बाळ ढिलं पडतं, श्वासापर्यंत जातं. उशी पण नको, पाठीवर, सपाट आणि जरा कडक गादीवर झोपव, राईची उशी राहू दे शोकेसमध्ये.

आणि ती गोधडी! ट्रंकेत डांबर गोळ्या होत्या का ते आधी विचार. काही बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, मुलग्यांमध्ये जास्त, आणि अशा बाळांना नॅफ्थलीनच्या नुसत्या वासाच्या कपड्यांनी सुद्धा रक्तातल्या लाल पेशी फुटून कावीळ झाल्याच्या केसेस आहेत. टेस्ट केलेली नसेल तर आपल्याला कळणार कसं? सध्या घरचीच दुपटी घेऊन जा, गोधडी धुवून कडक उन्हात घालून वास पूर्ण गेला की मग वापर.

तिथे पोचलीस की जमिनीवर बसून एकदा खोली बघ, बाळाच्या उंचीवरून. आमच्याकडे आजोबांच्या बीपीच्या गोळ्या उशाशी आणि कानाच्या मशीनचे छोटे सेल टीपॉयवर, कुणाच्या लक्षातही येत नाही कारण ते वर्षानुवर्षं तिथेच असतात. ते बटण सेल गिळले तर काही तासांत अन्ननलिका जाळतात, तेवढं एक काम पहिल्या दिवशी करच.

बिनधास्त_बाबा
किती घाबरवता यार तिला. आम्ही सगळे मध चाटून, राईच्या उशीवर झोपूनच मोठे झालो ना? चार दिवस जातेयस, आजीला नातू दे आणि तू झोप काढ.

वर्तकनगरची_आजी
बिनधास्त, तुझं निम्मं बरोबर आहे, झोप काढ हे. बाकीचं राहू दे.

मनू, मी पलीकडच्या बाजूची, म्हणजे सासू. मला सुनेने पहिल्यांदा हे नको ते नको सांगितलं तेव्हा रागच आला होता, कारण मी जे करत होते ते मला डॉक्टरांनीच शिकवलेलं. माझ्या मुलांच्या वेळी चौथ्या महिन्यापासून वरचं सुरू करा म्हणायचे, पूर्ण 6 महिने फक्त अंगावरचं दूध हे जागतिक आरोग्य संघटनेने 2001 साली सांगितलं, तोवर माझी मुलं शाळेत. पालथं झोपवा असं सुद्धा तेव्हा सांगायचे. तेव्हा तू ‘तुमचं चुकतं’ या सुरात जाऊ नकोस, ‘आता डॉक्टर असं सांगतात’ म्हण आणि शक्यतो ते तुझ्या नवऱ्याने फोन करून आधीच सांगावं, त्याची आई आहे, त्याचं ऐकतील. गेल्यावर बघू हे त्याने सोडून द्यावं.

आणि नुसतं नको नको करू नकोस, त्यांना काहीतरी करायला दे गं. नाचणीचं सत्त्व घरी काढायला सांग, मुगाची मऊ खिचडी त्यांच्या हातची, फक्त मीठ-साखर न घालता. उशी नको म्हटलीस तरी टोपडं शिवायला सांग. दृष्ट काढू देत, तीट कपाळाला लावू देत, काजळ डोळ्यात नको एवढंच. धुरी द्यायची म्हणाल्या तर बाळ दुसऱ्या खोलीत ठेव.

आजोबांचं सांगते. या वयात बाळ परक्याला बिचकतं, ते रागवण्यासारखं नाही, उलट आई ओळखू लागल्याची खूण आहे. दार उघडल्या उघडल्या हातात घेऊ देऊ नकोस. तू बाळाला मांडीवर घेऊन बस, आजोबांनी पेपर वाचायचा, बाळाकडे बघायचंच नाही. चमचा वाटी घेऊन आपल्याशीच खेळत बसायचं. बाळच सरकतं पुढे. आमच्या ह्यांना हे सांगितलं तेव्हा ‘मी माझ्याच नातवाकडे बघायचं नाही?’ म्हणून फुगले होते, संध्याकाळी नातू ह्यांच्या चष्म्याला लोंबकळत होता.

दोन_पिल्लांची_आई
काकू, हे भारी! मनू, बोरन्हाणाचं राहिलंच. बोरं, चुरमुरे, रेवड्या, उसाचे करवे, शेंगा, हलवा, सगळं घशात अडकणारं आहे आणि तुझा आता दिसेल ते तोंडात घालण्याच्या वयात. मुलांनी लुटालूट केली की पाटाखाली, झबल्याच्या घडीत दाणे राहतात. डोक्यावरून घालायचे ते नुसते चुरमुरे दोन मुठी घाला, बाकीचं मुलांना हातात वाटा, आणि नंतर कपडे पूर्ण बदलून खोली झाडल्यावरच त्याला खाली ठेव. हलव्याचे दागिने फोटोपुरते, हाराचा दाणा सुटतो कधी कधी. गोवराची लस 9 व्या महिन्यात असते म्हणजे तुझ्या बाळाला ते संरक्षण अजून नाही, ताप किंवा अंगावर पुरळ असलेल्या मुलाला आणू नका असं आमंत्रणातच सांग. गालाचे पापे सगळ्यांना बंद, पायाचे घ्या म्हणायचं.

खारघरची_मनू
सगळ्यांना खूप थँक्यू. कॅब ठरली. नवऱ्याला आत्ताच आईंना फोन लावायला लावला, मध रद्द, पण डांबर गोळ्यांचं ऐकून आई म्हणाल्या मग माझ्या पैठणीचं काय करू 😅 आजोबांना पेपरची आयडिया आवडली, ते म्हणे शब्दकोडं पण चालेल ना. काळं झबलं शिवून झालंय, हलव्याचे दागिने तेवढे राहिलेत, ठाण्यात मिळतील का दादर गाठू?

वर्तकनगरची_आजी
दादरला कशाला जातेस बाळ घेऊन, जांभळी नाक्यावर मिळतील. सासूबाईंनाच पाठव, घासाघीस पण करतील.